माळावरची भिंत

गेल्या वर्षी महाडला आम्हा प्राथमिक शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेला एक तरुण मिश्र वास्तव, म्हणजे मिक्स्ड रिॲलिटी, कशाला म्हणतात ते समजावून सांगत होता. टेबलावर डोक्याला पट्ट्यानं बांधायचा एक जाडजूड चष्मा ठेवला होता. तो म्हणाला, आभासी जगाच्या चष्म्यात समोरचं सगळं झाकलं जातं, माणूस वेगळ्याच जगात जातो. यात तसं नाही. यात तुम्हाला हीच खोली दिसते, हीच बाकं, हीच माणसं, आणि त्यांच्यामध्ये चष्मा एखादी नसलेली वस्तू आणून ठेवतो. बाकावर हृदय ठेवलं तर ते तिथंच धडधडत राहतं. तुम्ही मागं जाऊन त्याची पाठ बघू शकता, हातानं धरून मोठं करू शकता. मग त्यानं रोजच्या वापरातली उदाहरणं दिली. कारखान्यात यंत्र बिघडलं की दुरुस्ती करणाऱ्याला कुठला नट आधी सैल करायचा त्याचा बाण डोळ्यांपुढं दिसतो. डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी रुग्णाचं हाड चहूबाजूंनी बघून घेता येतं. कपाट आपल्या खोलीत मावेल का, हे दुकानात न जाता कळतं.

"आणि घर," तो म्हणाला, "घर बांधण्याआधी त्यात फिरून येता येतं."

शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तुम्ही घाला ना आधी. आम्हाला भीती वाटते."

"मी जवळून बघितलाय हा," मी म्हटलं.

"कुठं? मुंबईला?"

"आमच्या वाडीत."

त्या हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली. मी चष्मा त्यांच्यापुढं सरकवला.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर डोंगराच्या पोटाशी होती. लग्नानंतर मी महाडला राहायला आले, पण सुट्टी लागली की माझी पावलं तिकडंच वळायची. वाडीत घरं मोजकी. तरणी माणसं मुंबईला, म्हातारी भाताला आणि नाचणीला. माझा भाऊही मुंबईलाच, एका गोदामात कामाला. आमच्या घरात आई-बाबा राहायचे, आणि त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात धाकटे काका. काकी मी शिकत असतानाच गेल्या होत्या आणि काकांचा मुलगा मुंबईला रिक्षा चालवायचा.

दोन भावांच्या मध्ये कारवीचा, शेणानं सारवलेला एक कूड होता, बस. सकाळी अंथरुणातूनच बाबा अलीकडून म्हणायचे, "तांबडा बैल ओरडतोय वाटतं." पलीकडून काका म्हणायचे, "हं. बघतो." त्यांच्यात यापेक्षा जास्त बोलणं मी फारसं ऐकलं नाही. त्यांना ते लागायचंच नाही. लावणी एकत्र, कापणी एकत्र, बाबांच्या चंचीतली तंबाखू काकांनी न विचारता घ्यायची. मी लहान असताना मला वाटायचं की सगळ्यांचे वडील असे जोडीनंच असतात.

एका पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. गुरं घेऊन गेलेल्या बायकांनी ती बघितली. आधी पाय जाईल एवढी होती, मग माणूस जाईल एवढी. तळीयेला दरड कोसळून काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या काहींचे सोयरे तिथं होते. त्यामुळं अधिकारी येऊन उठा म्हणाले तेव्हा कुणी वाद घातला नाही. भांडी, धान्य, देव आणि गुरं घेऊन माणसं त्याच दिवशी खाली उतरली. आधी शाळेत राहिली, मग रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. डोंगर अर्धवट खचला आणि थांबला. माणूस कुणी गेलं नाही. पण वर परत राहायला जायचं नाही, असं ठरलं.

शेडमध्ये उन्हाळा काढणं म्हणजे काय, ते काढल्याशिवाय कळत नाही. पत्रा तापला की आई ओलं फडकं डोक्यावर घेऊन दारात बसायची. गुरं विकावी लागली, बांधायला जागाच नव्हती. बाबा रोज वर चढून शेतावर जायचे आणि सांज व्हायच्या आत खाली यायचे, नोकरीवर जाणाऱ्या माणसासारखे.

अशात मुंबईची एक संस्था आली. घरं बांधून देणार होती. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक माळ होता, तो मिळणार होता. संस्थेबरोबर एक तरुण वास्तुरचनाकार मुलगी होती. तिनं आधी कागदावरचे नकाशे दाखवले. म्हातारी माणसं माना हलवायची, पण कुणाला काही कळत नव्हतं. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मी तिथंच होते. ती मला म्हणाली, "ताई, यांना विचारलं की सगळे छान म्हणतात. मला हे छान नकोय. उद्या मी चष्मे आणते. तुम्ही यांच्या भाषेत समजावून सांगाल?"

दुसऱ्या दिवशी तिनं दोन चष्मे आणले. माळावर गवत वाळून पिवळं पडलं होतं. ती आधी स्वतः चष्मा घालून सगळीकडं हिंडली. मला म्हणाली, चष्मा जमीन बघून घेतो, चढउतार ध्यानात ठेवतो. एकदा घर ठेवलं की ते त्याच जागी राहतं. आज काढा, उद्या घाला, घर तिथंच. आणि दोघांनी दोन चष्मे घातले तर दोघांना एकच घर दिसतं. बाकीच्यांना काय चाललंय ते कळावं म्हणून तिच्या हातातल्या टॅबवर चित्र येत होतं.

पहिला चष्मा आईनं घातला. पट्टा आवळताना अंबाडा आडवा आला, तो सोडावा लागला. मग आई जागच्या जागी थांबली. टॅबवर मला दिसत होतं, गवतात एक पांढरं घर उभं होतं, लाल कौलाचं, पुढं पडवी.

"आई, काय दिसतंय?"

"घर हाय," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मग ती पुढं झाली आणि मोकळ्या माळावर मध्येच थांबून तिनं चपला काढल्या.

बघणारे खो खो हसले. आईला हसणं ऐकू आलं, पण तिनं चपला घातल्या नाहीत. वाळक्या गवतातून ती अनवाणी आत गेली. हात पुढं करून भिंत चाचपली, हाताला काही लागलं नाही तेव्हा हात मागं घेतला आणि मग भिंत असल्यासारखीच वळून चालू लागली. एका ठिकाणी उभी राहून म्हणाली, "हितं देव." आणखी पुढं जाऊन विचारलं, "चूल कुठं?"

"काकू, गॅसचा ओटा आहे ना," ती मुलगी म्हणाली.

"गॅस हाय गो. पण पावसात पाणी तापवायचं कशावर? भाकरी कशावर?"

मुलगी जराही न चिडता म्हणाली, "देऊया चूल." तिनं दुसरा चष्मा घातला, हवेत चिमूट धरली आणि भिंत हलकेच सरकवली. स्वयंपाकघर मोठं झालं. आई दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली. डोंगर उतरल्यापासून मी तिला तशी हसताना बघितली नव्हती.

त्या दिवशी माळावर जत्रेसारखी गर्दी झाली. माणसं घरात जाऊन येत होती आणि बाहेर येऊन मोठ्यानं सांगत होती. कुणाला मोरी मागं हवी होती, कुणाला पडवी पुढं. एकानं मुलाला मुंबईला फोन लावून सांगितलं, "अरे, आपलं घर बघून आलो." त्या रात्री मी महाडला नवऱ्याला फोनवर म्हटलं, आता यांचं सुरळीत होईल.

आईनंतर काकांनी चष्मा घातला होता. आराखड्यात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच होतं, मधली भिंत एकच. ते आत गेले, मागच्या खोलीशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "भिंत इकडं आली हाय."

मुलीनं बघितलं. आईची चूल मावावी म्हणून सरकवलेली भिंत काकांच्या मागच्या खोलीत शिरली होती. "अरे हो," ती म्हणाली आणि तिनं ती परत होती तिथं नेली. चूल गेली. आई सुटलेला अंबाडा बांधू लागली. बाबांनी तिच्याकडं बघितलं, एवढं मी पाहिलं.

नंतर शेडपुढं बसल्यावर बाबा काकांना म्हणाले, "हातभर सरकली तर काय व्हतंय रे? आजवर आपल्यात कूडच व्हता ना?"

"कूड व्हता, दादा. ही भिंत हाय. परत हलायची नाय." काका जमिनीकडं बघत बोलत होते. "मागची खोली पोराची हाय. हितं पत्र्यात मुलगी द्यायला कोण तयार नाय. दोनदा जमलेलं मोडलं. खाट तरी मावली पायजे ना खोलीत?"

बाबांनी चंची सोडली. मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी काका शेतावर असताना बाबांनी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की भिंत थोडीशी सरकवा, भावाला मी सांगतो. तिला वाटलं, भावाभावांचं ठरलंय. तिनं सरकवली.

बाबांनी काकांना सांगितलं नाही. सांगणार होते की नव्हते, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या दिवशी काका पोराला व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं म्हणून चष्मा घालून उभे राहिले आणि भिंत त्यांना पुन्हा आत आलेली दिसली. त्यांनी चष्मा काढला. तो मुलीच्या हातात नीट दिला. मग ओहोळाकडं गेले आणि दगड आणू लागले. चष्म्यात सरकवण्याआधी भिंत जिथं होती, तिथं त्यांनी वाळक्या गवतावर एकामागून एक दगड मांडले. सगळे बघत होते. कुणाला हसू येत नव्हतं. बाबा आले आणि त्यांनी एक दगड पायानं उडवला. मग दुसरा.

"उचल तो," काका म्हणाले.

"अरे, कशावरून भांडतोस? हितं भिंत हाय काय? बघ, हाय काय?" बाबांनी त्या जागेतून हात फिरवून दाखवला.

"नाय ना? मग चोरून सरकवलीस कशाला?"

बाबांनी हात मागं घेतला. मग ते वरच्या भाताच्या खाचराचं बोलले, आजोबांच्या वाटणीत काकांना चांगलं खाचर गेलं होतं त्याचं. ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. काकीच्या आजारपणात कोण आलं नि कोण आलं नाही, तेही निघालं. आई मध्ये पडली, "भावजी, मला चूल नको, जाऊ दे," म्हणाली. तेव्हा काका बोलले ते मला अजून ऐकू येतं.

"डोंगर यायचा व्हता तो आला असता तर बरं झालं असतं."

तळीयेत सोयरे गमावलेली माणसं आमच्या भोवती उभी होती. एक म्हातारी पदर तोंडाला लावून तिथून निघून गेली. त्या मुलीला काही कळेना. ती मला परत परत विचारत होती, "ताई, हे नुसतं मॉडेल आहे. मी आत्ता बदलते. त्यांना सांगा ना, मी आत्ता बदलते." मी कुणाला आणि काय सांगणार होते?

त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलेनासे झाले. शेड एकमेकींना चिकटून होत्या. एकाला खोकला आला की दुसऱ्याच्या पत्र्याला कळायचं. पण बाबा उठून बसले की काका तोंड फिरवायचे आणि काका विडी ओढायला बाहेर आले की बाबा आत जायचे. जेवणाच्या वेळी आई काकांच्या दारात झाकलेलं ताट ठेवायची. ताट रिकामं होऊन धुतलेलं परत यायचं. एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात माळावर पाणी फुटलं. पाऊस थांबला तरी गवतातून पाणी वर येतच राहिलं, चालताना जमीन पायाखाली हलायची. जमिनीची परीक्षा करणारी माणसं आली, त्यांनी भोकं पाडली आणि सांगितलं की हा माळ बांधकामाला नाही. खाली सगळं पाणीच आहे. दुसरी जागा बघायची होती. एक खाजगी निघाली, एक वनखात्याच्या हद्दीत गेली, एक इतकी लांब होती की शेतावर जायला दिवस मोडला असता. संस्थेनं बराच काळ वाट बघितली. मग तिची माणसं दुसरीकडं, पुराच्या भागात कामाला गेली. ती मुलगी शेवटची भेटायला आली तेव्हा आईनं तिला तांदूळ दिले. मुलगी गाडीत बसून रडत होती.

मला वाटलं होतं, माळ गेला तसं भांडणही जाईल. मी बाबांना म्हटलं, "आता कशावरून अबोला? ना तुमची भिंत, ना त्यांची."

बाबा म्हणाले, "घर गेलं म्हणून तो बोलला ते गेलं काय?"

त्या मुलीनं मला एक ॲप पाठवलं होतं. चष्म्याशिवाय, फोनच्या कॅमेऱ्यातून घर बघता यायचं. एका रविवारी मी ते शेडमध्ये उघडलं. पत्र्याखाली, मातीच्या जमिनीवर, बाबांच्या घोंगडीशेजारी आमचं घर उभं राहिलं, सुपाएवढं. लाल कौलं, पडवी, सगळं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"बंद कर," बाबा म्हणाले.

आई मात्र वाकून बघू लागली. बोटानं घर फिरवायला तिला शिकवलं, तसं तिनं ते मागच्या बाजूनं वळवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "यात चूल नाय."

ते जुनं चित्र होतं, भिंत सरकवण्याआधीचं. मी फोन बंद केला. पुढं कधीतरी त्या ॲपमध्ये ते घर उघडायचंच बंद झालं. नुसतं गोल फिरत राहतं. मी ते काढून टाकलं.

बाबा गेले ते उन्हाळ्यात. दम्याचा त्रास होताच, शेडमध्ये तो वाढला. महाडला आणलं, माझ्या घरी ठेवलं, दवाखाना केला. शेवटच्या दिवसांत ते जागे असले की खिडकीकडं बघायचे. मी एकदा विचारलं, "काकांना बोलावू?" त्यांनी मान हलवली. होय म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही. मी फोन केला. काका म्हणाले, "येतो." ते आले तेव्हा बाबांना शुद्ध नव्हती. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

काकांनी खांदा दिला. सगळे विधी नीट केले, कशात कसूर ठेवली नाही. शेडपाशीच दिवस झाले आणि माणसं पांगू लागली, तेव्हा मी भांडी आवरत होते. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता त्यांचा बांध फुटेल. मीही त्याच तयारीत होते.

"गो बाय," ते म्हणाले, "तू तितं व्हतीस ना? भिंत माझ्यात आली व्हती का नाय?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

"आली होती, काका."

"मंग," ते म्हणाले. थोडं थांबून परत म्हणाले, "मंग." आणि आपल्या शेडकडं निघाले.

आईला भाऊ मुंबईला घेऊन गेला. त्याची खोली चौथ्या मजल्यावर आहे, तिला जिना चढवत नाही, म्हणून ती खाली उतरत नाही. वाडीतली बाकीची माणसंही एकेक करून पोरांकडं गेली. शेड तात्पुरत्या होत्या. आता निम्म्यांना कुलूप आहे आणि पत्रे गंजलेत. काकांच्या मुलाचं लग्न झालं नाही. तो गणपतीला येतो, दोन दिवस राहतो, जातो. काका एकटे आहेत. शेत पडीक टाकवत नाही म्हणून वर जातात, पण वयानं सगळं होत नाही, थोडंच लावतात.

मी पूर्वी महिन्यातून एकदा जायचे. डाळ, साखर, औषधं न्यायचे. ते घेतात, चहा करतात आणि कप हातात देताना तेच विचारतात. भिंत माझ्यात आली व्हती का नाय? दर वेळी मी होय म्हणते. दर वेळी ते मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात. मी कधी म्हटलं की काका, जाऊ द्या ना आता, तर मी निघेपर्यंत काहीच बोलत नाहीत.

हल्ली माझं जाणं कमी झालंय. आई फोनवर विचारते, "भावजींकडं जाऊन आलीस काय?"

"नाही गं. शाळा असते."

"जात जा गो. एकटे असतात," ती म्हणते, आणि मी होय म्हणते.